अर्ध्यावरचा काटा

जुलै उजाडला की म्हैसूरमध्ये कुणालाही रस्त्यात थांबवून विचारावं, कृष्णराजसागर किती भरलं? रिक्षावाला, हॉटेलात कॉफीचे पेले उचलणारा पोरगा, देवराज मार्केटात गजरे हातावर मोजून देणारी बाई, कुणीही फुटांत उत्तर देईल आणि तेही दशांशासकट. धरणाची पूर्ण पातळी १२४.८० फूट, हे इथं पाढ्यांबरोबरच पाठ होत असावं. याच गावात एक गृहस्थ असे आहेत, ज्यांना स्वतःच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल किती आहे हे सांगता येत नाही. शेजारपाजारचे त्यांना ‘फियाट सार’ म्हणतात.

फियाट सार एकटे नाहीत. सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, यादवगिरी, कुवेंपुनगर अशा जुन्या, झाडीच्या वसाहतींत चार-पाच गल्ल्यांआड एक तरी सापडतोच. ओळखायला सोपे. फाटकाच्या आत मेणकापड पांघरलेली एक गोलसर वस्तू उभी असते आणि रविवारी सकाळी तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात चष्म्याशेजारी टेस्टर, आणि सदऱ्याला कितीही धुतला तरी न जाणारा पेट्रोलचा वास.

इथं सांगायचं आहे ते यांतल्या मराठी फियाट सारांबद्दल. अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था, भारतीय भाषा संस्थान, वाक्-श्रवण संस्था, नोटांचा छापखाना अशा ठिकाणी नोकरीला म्हणून जी माणसं महाराष्ट्रातून इथं आली, त्यांतली काही निवृत्तीनंतर परत गेलीच नाहीत. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवला होता, तो भाड्याने दिला आणि इथंच राहिली. का, म्हणून विचारलं तर हवा चांगली आहे म्हणतात. खरं कारण मेणकापडाखाली असतं. पुण्याच्या सोसायटीत एका फ्लॅटमागे एकच पार्किंग मिळतं आणि त्यात मुलाची गाडी आधीच लागलेली असते.

भाषांची वाटणीही ठरलेली आहे. भाजीवाल्याशी कानडी, मेकॅनिकशी दख्खनी, आरटीओशी इंग्रजी. पेट्रोलच्या काट्याशी मात्र मराठीच, आणि ती छापण्याजोगी नसते.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. नव्या पिढीने नावाने दचकू नये. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून जी फियाट ११०० बनत होती, तिच्या फुगीर पाठीला आणि पुढे आलेल्या नाकाला पाहून लोकांनी हे नाव लाडाने ठेवलं आणि मालकांनी ते लाडानेच स्वीकारलं. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उघडल्यावर कानासारखे पुढून मागे फिरणारे. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. इंजिन १०८९ सीसीचं. १९६४ नंतर ‘डिलाइट’ आली आणि दरवाजे सरळ झाले. तिला फियाट सार ‘नवी गाडी’ म्हणतात. १९७४ पासून तिचंच पुढचं रूप ‘पद्मिनी’ नावाने विकलं जाऊ लागलं. तिला ते ‘टॅक्सी’ म्हणतात. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा अर्ध्या मुंबईने गळा काढला. फियाट सारांनी बातमीचं कात्रण काढून ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “चला, आता सुटे भाग मोकळे होतील.”

गाडीला व्हिंटेज म्हणावं की नाही, हा वाद त्यांच्यासमोर काढू नये. इंग्रजांची वर्गवारी कडक. व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, बाकी सगळं क्लासिक वगैरे. गावातल्या एखाद्या जाणकाराने हे बोलून दाखवलं की फियाट सार घरात जातात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांची प्रत घेऊन येतात. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, फारसे बदल न केलेली खासगी गाडी म्हणजे व्हिंटेज. नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरपट्टीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच मुभा. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे. कारण त्यांची गाडी गेली कित्येक वर्षं दुरुस्तीसाठी आणि पेट्रोल भरण्यासाठीच बाहेर पडते. रोजची भाजी या दोन्हींच्या वाटेवर मिळते, हा त्यांचा दोष नाही.

म्हैसूरमध्ये डुक्कर फियाट ठेवण्याला ते ऐतिहासिक न्यायही समजतात, आणि यात थोडं तथ्य आहे. म्हैसूरचे माजी दिवाण सर विश्वेश्वरय्या १९३५ च्या सुमारास भारतात मोटारींचा कारखाना काढायची योजना घेऊन युरोप-अमेरिका फिरून आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांच्यामागे भक्कम उभे होते. कारखाना म्हैसूर संस्थानात काढायचीही बोलणी झाली, पण ब्रिटिश सरकारने हात वर केले. वालचंद स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारला सोबत घेऊन त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू केला आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. म्हणजे विमान बंगळूरला उतरलं आणि मोटार कुर्ल्याला गेली. “जी गाडी इथं बनायची होती ती मी परत आणली,” असं फियाट सार पाहुण्यांना सांगतात. त्यांनी ती प्रत्यक्षात सांगलीच्या एका डॉक्टरांकडून आणली, पण इतिहासाच्या ओघात हे बारीकसारीक तपशील वाहून जातात.

विश्वेश्वरय्यांचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. “पुण्याला खडकवासल्यावर त्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी चढलं की उघडणार, उतरलं की मिटणार, माणूस लागत नाही. आणि ह्या गाढवाला अडतीस लिटरची टाकी ओळखता येत नाही!” गाढव म्हणजे काटा. गाडीला ते एकेरीत कधी बोलत नाहीत.

काट्याची तक्रार अशी. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी तो अर्ध्याच्या वर चढत नाही. तिथून त्याच्या मनात आलं की एकदम शून्यावर जाऊन बसतो, खड्डा आला की परत उठतो. त्यामुळे शून्य दिसलं तरी घाबरायचं नाही, अशी सवय लागली, आणि ज्या दिवशी शून्य हे खरोखरच शून्य असतं त्या दिवशी गाडी सय्याजीराव रोडवर भर सकाळी थांबते. म्हैसूरची माणसं मूळची सौम्य. कुणी हॉर्न वाजवून अंगावर येत नाही. फुलांच्या दुकानातले दोघे, एक पोलीस आणि एक कॉलेजचा मुलगा जमतात, “एनाय्तु सार?” (काय झालं?) म्हणून विचारतात, गाडी कडेला ढकलून देतात आणि फोटो काढून घेतात. पेट्रोल संपलं असं फियाट सार कधीच सांगत नाहीत. “फ्युएल सिस्टिमचा इश्यू आहे,” म्हणतात. पेट्रोल नसणं हा त्या सिस्टिमचा इश्यूच आहे म्हणा.

चामुंडी टेकडीवर तर काट्याची परीक्षाच होते. चढाला लागलं की टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, त्यावर तरंगणारा फ्लोट त्याच्याबरोबर हलतो आणि काटा वेगळंच काही दाखवू लागतो. हे चांगल्या काट्याच्या बाबतीतही थोडंफार होतं. फियाट सारांच्या मात्र वर पोचेपर्यंत दोन गोष्टी सांगून होतात. पहिली, फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनाकडे यायचं, त्यामुळे टाकीत कमी असलं की लोक चढण उलटी, रिव्हर्समध्ये चढत. आणि किती उरलंय हे बघायला पुढचं सीट उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवत. दुसरी, त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये टाकी थेट काचेखाली, पायांच्या पुढे होती. फ्लोटला जोडलेला आकडा डॅशबोर्डच्या खिडकीतून सरळ दिसायचा. वायर नाही, बॅटरी नाही. “त्यात बिघडणार काय?” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांनी त्या तिसऱ्यांदा ऐकल्या आहेत ते नंदीपाशीच उतरून पायऱ्यांनी जातात.

असा हा काटा गावातल्या मित्रमंडळाला वर्षानुवर्षं पुरला आहे. प्रत्येकाचं निदान वेगळं.

शेजारचे गृहस्थ येझदीवाले. म्हैसूरमध्ये हा एक स्वतंत्र पंथ आहे. यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी मोटरसायकली बाहेर पडत होत्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-दिनाला ही मंडळी अजून धूर काढत एकत्र जमतात. येझदीवाल्यांच्या मते मुळात काटा हीच चैन आहे. त्यांच्या गाडीला काटाच नव्हता. इंजिन खोकलं की टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि बंक, म्हणजे पेट्रोल पंप, गाठायचा. “जे नाही ते बिघडत नाही, सार.” फियाट सारांना हे म्हणणं बिनतोड वाटतं आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

भाचा हेब्बाळच्या आयटी कॅम्पसमध्ये. त्याचं म्हणणं, टाकीला बाहेरून सेन्सर लावू, आकडा फोनवर येईल. त्याला चहा देण्यात आला आणि विषय बदलण्यात आला.

सगळ्यांत दांडगं निदान एका निवृत्त रसायनशास्त्रज्ञांचं होतं. त्यांनी गुन्हेगार थेट दिल्लीत शोधला: इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या गाड्यांमधले फ्लोट बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, आणि त्यांना वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेचा हात दिलेला असतो. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र झकास विरघळते. सुतार पॉलिश बनवतात ते तसंच. लाख निघून गेली की बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, आणि काटा खाली येतो. युक्तिवाद असा निर्दोष की ऐकणाऱ्याने टाळी द्यावी. त्यातून गाव म्हैसूर. इथं १९३७ साली महाराजांनी लाखेचा आणि रंगाचा कारखाना काढला. त्याच कारखान्यातून १९६२ पासून देशभरच्या मतदारांच्या बोटाला लावायची शाई जाते. तेव्हा बुचाला लावायला लाख कुठून आणायची, हाही प्रश्न नव्हता. शास्त्रज्ञांनी इथेनॉलला दाद न देणारं दुसरं वार्निश कोणतं, यावर दोन पानी टिपण काढलं. फियाट सारांनी ते फाईलला लावलं. फ्लोट कशाचा आहे हे मात्र तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

टाकीतलं फ्लोटचं युनिट काढायचा रविवार उजाडला तेव्हा व्हरांड्यात सात-आठ खुर्च्या मांडाव्या लागल्या. झाकणाचे स्क्रू गंजलेले. ते निघेपर्यंत उपमा संपला. मग वाकड्या दांडीसकट युनिट वर आलं आणि दांडीच्या टोकाला दिसला तो पितळेचा फ्लोट. हिरवट पडलेला, बंद डबीसारखा, लाखेचा लवलेश नसलेला. रसायनशास्त्रज्ञ चष्मा पुसत म्हणाले, “असं आहे तर.” त्यांनी टिपण परत मागितलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

पण पितळी फ्लोटही नामी गुन्हेगार असतो. जोडाला सुईच्या अग्राएवढं भोक पडलं की आत पेट्रोल झिरपतं आणि फ्लोट बुडायला लागतो. फियाट सारांनी तो पुसून, नारळ घेताना वाजवून बघावा तसा, कानाशी हलवला. आत काही खळखळलं नाही. मग दुसरी चाचणी: कढत पाण्यात बुडवायचा. आत काही असेल तर तापून फुगतं आणि भोकातून बुडबुडा येतो. पाणी स्वयंपाकघरात तापवून, शेगडी बंद करून, पातेलं बाहेर अंगणात आणावं लागतं, कारण पेट्रोलची वाफ आणि ज्योत यांची भेट घडवायची नसते. पातेलं दुधाचं होतं. फियाट सारांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, खिडकीतून ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बुडबुडा आला नाही. फ्लोट निर्दोष.

राहिलं ते युनिटमधलं रोधाच्या तारेचं वेटोळं. फ्लोट वर-खाली झाला की एक पाती या तारेवरून सरकते, विजेचा रोध कमी-जास्त होतो आणि तेवढ्या हिशेबाने डॅशबोर्डवरचा काटा हलतो. सगळी यंत्रणा एवढीच. पन्नास-साठ वर्षं पाती एकाच जागी घासली की तार झिजते, तुटते. मीटर लावून फ्लोट हळूहळू उचलला. आकडा कुठंही उडी न मारता सरकत गेला. तार शाबूत. संध्याकाळपर्यंत असं सिद्ध झालं की फ्लोट बरोबर आहे, तार बरोबर आहे, आणि तरीही गाडीत पेट्रोल किती हे कळत नाही. मंडळी समाधानाने घरी गेली. गूढ शिल्लक असलं की पुढच्या रविवारची सोय होते.

खरं तर या घरात टाकीचा बिनचूक आकडा एका माणसाला नेहमीच ठाऊक असतो. बाई निवृत्त गणित शिक्षिका. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय आहे. त्यावर दुधाच्या खुणांशेजारी बारीक अक्षरात किलोमीटरचा आकडा आणि भरलेले लिटर लिहिलेले असतात. टाकी काठोकाठ भरल्यापासून किती पळाली, त्याला लिटरमागे सरासरीने भागलं आणि आलेला आकडा अडतीस लिटरमधून वजा केला, की उरलेलं पेट्रोल निघतं. हिशेब चौथीतला. सय्याजीराव रोडच्या प्रसंगाच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या होत्या, “अहो, उद्या आधी पेट्रोल घाला.” फियाट सार म्हणाले, “काटा बघून ठरवू.” हा संवाद त्यांच्यात इतक्या वेळा झाला आहे की आता पहिलं वाक्य कुणी बोलायची गरज उरलेली नाही.

शेवटी गाडी मंडी मोहल्ल्यात नेली. तिथले मिस्त्री वयाने फियाट सारांच्याच बरोबरीचे. गॅरेज म्हणजे एक शटर आणि एक पिंपळ. त्यांनी इथेनॉल, बूच, खडकवासला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कारण दहा मिनिटांची कॉफीची वेळ होतीच. मग म्हणाले, “सार, इंडिकेटर डालो.” फियाट सारांनी उजवा इंडिकेटर दिला. मागचा दिवा लुकलुकायला लागला आणि त्याच्या तालावर पेट्रोलचा काटाही मान डोलवायला लागला. टक् वर, टक् खाली. उजवीकडे वळायचं म्हटलं की टाकीतलं पेट्रोल कमी-जास्त होत होतं. हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. फियाट सार त्याला गाडीचा स्वभाव समजत होते.

“काटे कू कुछ नै हुआ. अर्थ नै मिल रा.”

मग त्यांनी डिकीत वाकून युनिटची तार काढली. काटा एका टोकाला गेला. तीच तार क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकवली, काटा सरसर दुसऱ्या टोकाला. म्हणजे काट्यापासून मागेपर्यंतचा रस्ता साफ. कुठल्या गाडीत पत्र्याला टेकवल्यावर काटा ‘भरलेली’कडे जातो आणि कुठल्या गाडीत ‘रिकामी’कडे, ते त्या-त्या कंपनीच्या बनावटीवर असतं. पण दोन्ही टोकांना पोचला म्हणजे डॅशबोर्डवरचं मीटर जिवंत आहे, हे दोन्हीकडे खरं. त्यासाठी मीटर खोलावं लागत नाही, टाकी उतरवावी लागत नाही, टिपण लिहावं लागत नाही.

दोष होता सौंदर्यात. काही वर्षांपूर्वी गाडी पूर्ण सोडवून नव्याने रंगवली होती. टाकीलाही आतबाहेरून घासून काळा चकचकीत रंग दिला, खाली नवीन रबरं बसवली. टाकी अशी सुरेख झाली की तिचा लोखंडाशी लोखंडाने संबंधच उरला नाही. युनिटमधून आलेल्या विजेला बॅटरीकडे परत जायला पत्र्यातूनच वाट असते, तीच अर्थ. ती रंगाने बंद केली. रंगाऱ्याने एक अर्थची तार जोडली होती खरी, पण ती मागच्या दिव्यांच्या तारेबरोबर एकाच स्क्रूखाली, आणि स्क्रूखाली पुन्हा रंगच. दिवे लागले की तीच अरुंद वाट दोघांत वाटली जायची आणि काटा डुलायचा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे इतकं सर्रास घडतं की नवा रंग पाहिला की जाणते मिस्त्री आधी अर्थच तपासतात. संग्रहालयात उभ्या गाडीला ही अडचण नसते. श्रीरंगपट्टणाजवळ महामार्गालगत धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेग्गडे यांच्या संग्रहाचं ‘पयण’ आहे, तिथं गाड्या नुसत्या बघायला ठेवल्या आहेत. आणि म्हैसूरच्या महाराजांनी रोल्स-रॉइस सात-सातच्या घाऊक हिशेबाने घेतल्या असं सांगतात, त्यांचा तर प्रश्नच वेगळा. एकीत पेट्रोल संपलं तर दुसरीत बसायचं.

मिस्त्रींनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा खरवडली, उघडा पत्रा दिसेपर्यंत. वीतभर वायर, दोन टोकांना दोन थिंबल, एक वेगळा स्क्रू. काम कॉफी गार होण्याच्या आत झालं. फियाट सारांच्या नव्या रंगावर ओरखडा पडताना त्यांनी तोंड फिरवलं होतं, हे पिंपळाखाली बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. चावी फिरवली. काटा उठला, अर्ध्यापाशी आला, तिथं न थांबता पाऊणपर्यंत गेला आणि स्थिर झाला. इंडिकेटर दिला तरी ढिम्म.

“कितना हुआ?”

“नक्को सार, वायर का क्या लेना.”

फुकट झालेली दुरुस्ती ही जुन्या गाडीवाल्याला सगळ्यांत झोंबणारी गोष्ट. शंभर-दोनशे रुपयांचं काम असतं तर निदान ‘पार्ट गेला होता’ म्हणता आलं असतं. घरी येईपर्यंत फियाट सार गप्प होते. येझदीवाले फाटकाशीच उभे होते. “काय निघालं?” “इलेक्ट्रिकल,” ते म्हणाले आणि आत गेले. त्या रविवारी खुर्च्या मांडायचं कारण उरलं नव्हतं. तरी चौघं आलेच. रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, अर्थचा गंज इथेनॉलमधल्या पाण्यानेही वाढू शकतो. त्यांना उपमा वाढण्यात आला.

बरोबर दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवायला फियाट सारांना वेळ लागतो आहे. आताही निघण्याआधी ते टाकीचं झाकण उघडून बांबूची कामटी बुडवतात. तिच्यावर चाकूने लिटरच्या खुणा केलेल्या आहेत. काटा आणि कामटी जुळली तर बरं, नाही जुळली तर काटा खोटा. मध्यंतरी त्यांनी बंकवर दहा लिटर पेट्रोल घातलं. काटा अपेक्षेइतका चढला नाही. पूर्वी अशा वेळी दोष काट्याकडे गेला असता. पण काटा आता बरोबर होता, स्वतः पाहिलेला होता. म्हणजे पेट्रोलच कमी आलं.

दर पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. फियाट सारांना माहीत आहे. त्यांनी माप मागवलं. पोरगा आत जाऊन कळकटलेलं भांडं घेऊन आला, त्याच्यामागे मॅनेजर आले. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, हे फियाट सारांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं. डुकराच्या मागे तोवर दोन रिक्षा, एक दूधगाडी आणि शाळेची बस लागली होती. पेट्रोल मापाच्या मानेवरच्या रेघेला बरोबर येऊन टेकलं. त्यांनी चष्मा काढून, लावून, एका गुडघ्यावर बसून डोळ्यांच्या पातळीवर ती रेघ पाहिली.

टाकीचा आकार सगळीकडे सारखा नसतो आणि फ्लोटची दांडी कमानीत फिरते, त्यामुळे वरच्या भागातले दहा लिटर आणि खालच्या भागातले दहा लिटर काट्याला सारखे दिसत नाहीत, हे मिस्त्रींनी त्यांना नंतर फोनवर सांगितलं. बंकवर मात्र त्यांनी मॅनेजरकडून पावती घेतली, तिच्यामागे किलोमीटरचा आकडा टिपून घेतला आणि बाईंना कालनिर्णयावर उतरवायला दिली. रिक्षावाल्याने मागून विचारलं, “एनाय्तु सार?” ते म्हणाले, सगळं ठीक आहे, पण पुढच्या खेपेला दुसऱ्या बंकवर बघू.